आधी टिश्यू, मग एकेटी

गेल्या अंकानंतर आलेल्या पत्रांमधले एक पत्र कोनमधील एका सहकाऱ्याचे आहे. रुग्ण विशीतला, कल्याण-भिवंडी रस्त्यावरच्या एका गोदामात माल चढवणारा. डाव्या क्लॅव्हिकलच्या वर दोन नोड, संध्याकाळी ताप, अंगाला खाज, वजन उतरलेले. एफएनएसीचा रिपोर्ट ‘रिअ‍ॅक्टिव्ह, ग्रॅन्युलोमाची शक्यता’ इतकाच. एएफबी निगेटिव्ह, सीबीनॅट केलेच नाही. तरी एकेटी सुरू झाली. तिसऱ्या महिन्यात गाठी वाढल्या तेव्हा पॅराडॉक्सिकल रिअ‍ॅक्शन समजून प्रेडनिसोलोन जोडले गेले. गाठी बसल्या, घरचे आणि डॉक्टर दोघेही निर्धास्त झाले. आठव्या महिन्यात धाप लागू लागली, एक्स-रेत मेडियास्टिनम रुंद दिसले, आणि तेव्हा कुठे एक अख्खा नोड काढून तपासायला गेला. हॉजकिन्स, स्टेज तीन.

पत्रलेखकाने शेवटी विचारले आहे, “यात चुकले कोणाचे?” उत्तर देताना मला कोणाही एका डॉक्टरकडे बोट दाखवता येत नाही, कारण ही आपल्या सगळ्या पट्ट्याची सवय आहे. यंत्रमागाचे गाव, दाटीची वस्ती, घरोघरी टीबीचा इतिहास. मानेत गाठ दिसली की आपले पेन आपोआप एकेटीकडे वळते. बहुतेक वेळा ते बरोबरही ठरते. पण जिथे चुकते तिथे रुग्णाचे सहा-आठ महिने जातात. हॉजकिन्ससारख्या, वेळेत पकडला तर बहुतेक जण पूर्ण बरे होतात अशा आजारात, हे महिने आपण घालवले आहेत.

आणि हे कोणत्या काळात चालले आहे ते पाहा. रिटुक्सिमॅबला अमेरिकेत 1997 मध्ये मंजुरी मिळाली आणि दहा वर्षांत, 2007 मध्ये, त्याचे भारतीय बायोसिमिलर बाजारात आले. बी-सेल लिम्फोमात सीएचओपीच्या पुढे ‘आर’ लावणे आपल्या रुग्णांच्या आवाक्यात आले ते त्यामुळे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने मिळून उभी केलेली सीएआर टी-सेल उपचारपद्धती, नेक्सकार19, ऑक्टोबर 2023 मध्ये मंजूर झाली. 4 एप्रिल 2024 रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईत तिचे लोकार्पण झाले. तिच्या चाचण्या खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये झाल्या, म्हणजे कोनहून शिळफाट्यामार्गे जाण्याइतक्या अंतरावर. सगळी औषधे थकलेल्या बी-सेल रुग्णांत प्रतिसादाचे प्रमाण 73 टक्के आले. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी शून्य झालेल्या औषधांच्या यादीत पोलाटुझुमॅब आणि ओबिनुटुझुमॅब आहेत. खारघरला रुग्णाच्या टी-सेल बदलून परत त्याच्या शिरेत सोडल्या जात आहेत आणि इथे आपण नोडचा तुकडा काढायला आठ महिने लावतो. या दोन गोष्टी शेजारशेजारच्या दोन जिल्ह्यांत घडतात याचा मला संताप येतो.

आता सरकारी बाजू. टीबीची नोंद 2012 पासून बंधनकारक आहे. 2018 च्या अधिसूचनेने नोंद न करणे दंडनीय झाले. निक्षयवर रुग्ण चढवला की खासगी डॉक्टरला 500 रुपये, उपचाराचा निकाल कळवला की आणखी 500. नोंदणीला माझा विरोध नाही, ती झालीच पाहिजे. पण गेली काही वर्षे टीबी निर्मूलनाच्या 2025 च्या उद्दिष्टाच्या घाईत आपल्याला येणारे फोन फक्त आकड्यांसाठी येत आहेत. ‘डॉक्टर, या महिन्यात तुमच्या नोंदी कमी आहेत.’ फोन करणाऱ्याने कधी विचारले आहे का, की या नोडच्या रुग्णाचा टिश्यू रिपोर्ट कुठे आहे? फुप्फुसाबाहेरच्या टीबीत ‘क्लिनिकल निदान’ म्हटले की नोंद ग्राह्य धरली जाते, लक्ष्य पूर्ण होते, आणि त्या मुलाचा हॉजकिन्स यशस्वी टीबी-नोंद म्हणून अहवालात जातो. जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यांना माझे स्पष्ट सांगणे आहे: नोडच्या प्रत्येक नोंदीला सीबीनॅट किंवा हिस्टोपॅथॉलॉजीचा रिपोर्ट जोडणे सक्तीचे करा. त्यासाठी फोन करा, आम्ही रोज उचलू.

निदान झाल्यावरचा गोंधळ याहून चीड आणणारा आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना जुलै 2023 च्या शासन निर्णयाने राज्यातल्या सर्व कुटुंबांना खुली झाली, मर्यादा वर्षाला पाच लाख. केमोथेरपीचे प्री-ऑथ मागायचे तर हिस्टोपॅथॉलॉजीचा रिपोर्ट लागतो. लिम्फोमात नुसता एच अँड ई पुरत नाही. सीडी20, सीडी3, सीडी30, सीडी15, केआय-67 हे मार्कर नसतील तर कोणता लिम्फोमा ते सांगता येत नाही आणि पॅकेज निवडता येत नाही. पण योजना उभी आहे ती भरती झालेल्या रुग्णाच्या उपचारावर. ओपीडीतला आयएचसीचा खर्च त्या गोदाम कामगाराने खिशातून करायचा. ज्याचे पैसे योजनेने द्यायला हवेत तोच कागद योजनेच्या दारात आधी दाखवावा लागतो. आरोग्यमित्राला विचारले तर तो बिचारा म्हणतो, “रिपोर्ट आणा, मग बघतो.” आणि भिवंडीतला अर्धा कामगार उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेला, रेशनकार्ड गावाकडचे. त्याची फाइल पहिल्याच टेबलावर अडते. आयएचसीचे पॅनेल स्वतंत्र पॅकेज म्हणून, भरतीची अट न घालता, योजनेत घ्यावे ही मागणी आम्ही लेखी पाठवत आहोत. सीएआर टी-सेलची किंमत चाळीस लाखांच्या आसपास सांगितली जाते आणि योजनेचे पाच लाख तिथे पुरणार नाहीत हे सर्वांना कळते. पण आयएचसीच्या काही हजारांवर माणूस अडतो, हे कोणत्या तोंडाने सांगायचे?

शासनाची वाट न पाहता आपण काय करू शकतो, ते आता बोलू.

एएफबी किंवा सीबीनॅट पॉझिटिव्ह असेल तर एकेटी त्याच दिवशी सुरू करा. नसेल, तर एफएनएसीतल्या ‘ग्रॅन्युलोमॅटस’ या शब्दावर विसंबू नका; हॉजकिन्सच्या शेजारीही ग्रॅन्युलोमा असतात. सुईने पेशी मिळतात, नोडची रचना मिळत नाही, आणि लिम्फोमाचे निदान रचनेवर उभे असते. अख्खा नोड काढायला सांगा. सर्जनला सोयीचा म्हणून जांघेतला नको, मानेतला सर्वांत मोठा हवा. ओटीमध्येच त्याचे दोन भाग करायला लावा: मोठा दहा टक्के बफर्ड फॉर्मालिनमध्ये, नोडच्या दहापट द्रवात, छोटा तुकडा साध्या सलाइनमध्ये, सीबीनॅट आणि कल्चरसाठी. अख्खा नोड सलाइनच्या बाटलीत टाकून दोन दिवसांनी लॅबला पोचवला की तो कुजलेला असतो, मार्कर उमटत नाहीत आणि रुग्णाला पुन्हा टेबलावर घ्यावे लागते. आपल्या परिसरात हे अजून होते.

आणि डेक्सा. टिश्यू हातात येईपर्यंत स्टेरॉइडला हात लावू नका. ‘डेक्सा-डायक्लो’ मारून ताप आणि दुखणे बसते, रुग्ण खूश होतो, पण लिम्फोमाही तात्पुरता बसतो आणि बायोप्सी फसते. मुलांमध्ये याची किंमत जास्त. पांढुरका चेहरा, हाडे दुखतात, प्लेटलेट कमी, असे मूल आले की आयटीपी किंवा संधिवात समजून प्रेडनिसोलोन देण्याआधी पेरिफेरल स्मिअर पॅथॉलॉजिस्टने डोळ्यांनी पाहिला पाहिजे. काउंटरच्या छापील आकड्यांवर जाऊ नका. अर्धवट स्टेरॉइडने ब्लास्ट लपतात, आणि एएलएलचे मूल टाटात पोचते तेव्हा त्याचा रिस्क ग्रुप ठरवणेच कठीण होऊन बसते.

एएलएलबद्दल एक गोष्ट आपल्या तरुण सहकाऱ्यांना माहीत असावी. 1980 च्या दशकाच्या मध्यात टाटामध्ये डॉ. सुरेश अडवाणी आणि अमेरिकेतील डॉ. इयान मॅग्राथ यांनी एमसीपी-841 हा प्रोटोकॉल सुरू केला. मुंबईसह देशातील तीन केंद्रांत तोच राबवला गेला. त्याआधी पाचांत एक मूलही जेमतेम वाचत असे. या प्रोटोकॉलने ते प्रमाण निम्म्याच्या आसपास नेले, काही ठिकाणी त्याहूनही वर. त्यात एकही महाग नवे औषध नव्हते. व्हिन्क्रिस्टीन, अ‍ॅस्परजिनेज, मेथोट्रेक्सेट, सिक्स-एमपी. फरक पडला तो सगळ्यांनी एकच क्रम, एकच वेळापत्रक आणि एकच नोंदवही पाळल्याने. आजच्या बालरुग्णांचे निकाल याच्याही खूप पुढे गेले आहेत.

तसाच एक क्रम नोडसाठी आपणही ठरवू शकतो. पुढील मासिक सभेत कल्याण-भिवंडीतल्या प्रत्येक सभासदाने मानेच्या नोडचे आपले शेवटचे पाच केसपेपर आणावेत, एकेटी चालू असलेलेसुद्धा. प्रत्येकावर तीन तारखा लिहाव्यात: गाठ पहिल्यांदा कधी दिसली, टिश्यू कधी घेतला, रिपोर्ट कधी आला. मधली तारीख ज्यांच्याकडे रिकामी असेल त्यांनी संकोच न करता यावे. सभेला दोन सर्जन आणि एक पॅथॉलॉजिस्ट येणार आहेत. अशा रुग्णांच्या एक्सिजनचे दिवस तिथेच ठरवून टाकू. फॉर्मालिनच्या भरलेल्या बरण्या सभेतच मिळतील, येताना पिशवी आणावी.