तीसच्या तीस रोजे?



ईदनंतर नववीतल्या एका मुलीची अम्मी मला भेटायला आली. मुलगी वर्गात दोनदा चक्कर येऊन पडली होती, म्हणून मीच निरोप पाठवला होता. बोलता बोलता अम्मी कौतुकाने म्हणाली, “मॅडम, पोरीनं यंदा तीसच्या तीस रोजे धरले. एकही सोडला नाही.”

मी हळूच विचारले, “मग मधले पाळीचे दिवस?”

ती गप्प झाली. बोटांवर महिने मोजू लागली. मुलीची पाळी चार महिन्यांपासून आलीच नव्हती.

हळूहळू सगळे बाहेर आले. एका लग्नात कुणीतरी मुलीला सगळ्यांसमोर ‘मोटी’ म्हटले होते. तेव्हापासून ती डबा मैत्रिणींना वाटून टाकायची. रमजानमध्ये तर कुणी टोकायचा प्रश्नच नव्हता. सहेरीला नुसते पाणी, इफ्तारला एक खजूर, कलिंगडाची फोड, की नमाजचे निमित्त करून दस्तरख्वानावरून उठायची.

रोजा आणि हे उपाशी राहणे वेगळे आहे. पोट रिकामे झाले की जठरातून घ्रेलिन नावाचे संप्रेरक स्रवते आणि मेंदूला भूक कळवते. ते रोजच्या जेवणाच्या वेळी वाढते आणि आपण जेवलो नाही तरी काही वेळाने ओसरते. म्हणून पहिले तीन-चार रोजे दुपारी जड जातात, मग सवय होते. तहानेचे तसे नाही. सोलापूरच्या उन्हात घाम जातो, रक्तातले क्षाराचे प्रमाण किंचित वाढले तरी मेंदू पाणी मागतो, आणि ही मागणी ओसरत नाही. मगरिबला पाणी आणि जेवण मिळाले की शरीर सावरते. पण मगरिबनंतरही पोटात काही गेले नाही, तर शरीर वेगळाच हिशेब करते.

आपल्या नानी-दादींनी १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे. मिलोची लाल भाकरी आणि दुष्काळी कामावरची सुकडी त्यांच्या अजून लक्षात आहे. शरीराला दुष्काळ आणि ‘डाएट’ यांतला फरक कळत नाही. अन्न कमी पडले की ते खर्च आवरते. हातपाय गार पडतात, केस गळतात, पाळी थांबते. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून पाहिले. ते स्वेच्छेने आले होते. त्यांचे वजन सुमारे पाव भागाने घटले, स्वभाव चिडका झाला, डोक्यात दिवसरात्र अन्नच राहिले. काही जण तर पाककृतींची पुस्तके जमवू लागले. पुढे भरपूर जेवण मिळाले तरी कित्येकांचे समाधान होईना. म्हणून उपाशी राहणारी मुलगी कधी अचानक अधाशासारखी खाते आणि मग लाजून उलटी काढते. हा हट्ट किंवा नखरा नसतो, आजार असतो.

अनेक घरांत अब्बा-भावांना कळू नये म्हणून मुली पाळीच्या दिवसांतही सहेरीला उठतात. त्यांना कळले नाही तरी चालेल, अम्मीला कळायला हवे. कज़ा रोजांचा हिशेब मुलीशी बोलून ठेवा. जेवण झाल्या झाल्या ती मोरीत जाते का, ढगळ कपडे घालून अंग लपवते का, सतत वजन करते का, इकडे लक्ष द्या. पाळी चुकण्याची इतरही कारणे असतात, म्हणून अंदाज न करता डॉक्टरांना दाखवा. फार दिवस उपाशी राहिलेल्या मुलीला एकदम खूप भरवू नका, त्यानेही धोका होतो. सिव्हिल हॉस्पिटलात मानसोपचार विभाग आहे. सरकारच्या टेली-मानस या १४४१६ क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते.

आजाऱ्याला रोजाची सवलत खुद्द कुरआनने दिली आहे (सूरह बकरा, आयत १८४-१८५). ती घेण्यात कमीपणा नाही. प्रेषितांनी (स.) पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला ठेवायला सांगितले. आपण त्यातला श्वासाचा भागच लक्षात ठेवतो. अन्नाचा भागही त्यातच सांगितला आहे.

त्या मुलीवर उपचार सुरू आहेत. अम्मीने घरात एक नियम केला आहे. कुणाच्याही अंगावरून दस्तरख्वानावर बोलायचे नाही. हा नियम आपल्याही घरी आजपासून करता येईल, इन्शाअल्लाह.