खर्जाचा अपमान

हेवी मेटल हे नाव काढले की आमची सुसंस्कृत मंडळी कानांवर हात ठेवतात. ठेवोत बिचारी! माझे भांडण त्यांच्याशी नाही. ते आहे त्या संगीताच्या भक्तांशीच. कारण आपल्याच घरातल्या एका माणसावर त्यांनी अन्याय केला आणि वर त्याची थट्टा मांडली. तो माणूस म्हणजे बास गिटार वाजविणारा. ज्याला गिटार जमत नाही तो बास धरतो, असे ही मंडळी सर्रास म्हणतात!

म्हणणाऱ्यांनी जरा इतिहास पाहावा. ऑझी ऑस्बॉर्न ब्लॅक सॅबथमध्ये जी गीते गात असे, त्यांतील बहुतेकांचे शब्द बासवादक गीझर बटलरचे. १९७५ साली लंडनमध्ये आयर्न मेडन उभे केले तेही बासवादक स्टीव्ह हॅरिसनेच.

आता जेसन न्यूस्टेडची कर्मकथा ऐका. २७ सप्टेंबर १९८६ रोजी स्वीडनमध्ये बस उलटून अमेरिकेच्या मेटॅलिका या बँडचा बासवादक क्लिफ बर्टन अवघ्या २४ व्या वर्षी गेला. त्याच्या जागी जेसन आला. गेलेल्याच्या पाटावर बसणे किती कठीण, ते बिजवराला दिलेल्या मुलीला विचारा! १९८८ साली त्यांची 'अँड जस्टिस फॉर ऑल' ही तबकडी निघाली. नावात सर्वांना न्याय. आणि आत जेसनचा बास शोधूनही ऐकू येत नाही! ड्रमवादक लार्स उलरिकच्या सांगण्यावरून तो आवाज खाली खेचला, असे ध्वनिमिश्रण करणाऱ्या स्टीव्ह थॉम्पसननेच पुढे सांगितले.

कोणी म्हणेल, तबकडी तर खपली. मग बिघडले कोठे? अहो, तंबोरा काढून घेतला तरी गवई गाईलच. पण त्या गाण्याला बैठक राहील काय? ड्रमच्या ठोक्याला सूर आणि गिटारच्या सुराला ठोका देतो तो बास. तो सांधा निखळला की उरते ती नुसती करकर.

जेसन चौदा वर्षे राबला. मग एकोब्रेन नावाच्या दुसऱ्या बँडमध्ये वाजवू म्हणाला, तर गायक जेम्स हेटफील्डची हरकत! जानेवारी २००१ मध्ये तो बाहेर पडला. शरीराची झालेली हानी हेही कारण त्याने दिले. २००३ साली रॉबर्ट ट्रुहियोला त्या जागेवर घेताना मात्र याच मंडळींनी दहा लाख डॉलर आगाऊ देऊ केले. बासची किंमत कळली, पण केव्हा?

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत तुमच्या मुलांनी हे संगीत लावलेच, तर लगेच ओरडू नका. यात खर्जाचा सूर कोणता आणि तो कोण वाजवितो, एवढेच विचारा. सांगता आले नाही, तर खुशाल बंद करायला लावा!