बारा जण, चौदा दिवस

भिशीचा हिशेब ठेवणारं ॲप बनवणं ही आता काही मोठी गोष्ट राहिलेली नाही. डझनभर नावं, महिन्याचा हप्ता, कुणाची भिशी कधी उचलली, कुणाचा हप्ता थकला, एवढंच त्यात असतं. पैसे ॲपमधून फिरत नाहीत, ते नेहमीसारखे हातोहात किंवा यूपीआयने जातात. ॲप म्हणजे नुसती वही. संगणक शिकलेली एखादी मुलगी नोकरी सांभाळून काही शनिवार-रविवारांत ते उभं करेल आणि आईच्या, मावशीच्या फोनवर चालवून दाखवेल. मग कुणीतरी म्हणतं, अगं प्ले स्टोअरवर टाक की, आमच्या सोसायटीतल्या बायकांनाही हवंय. खरं काम तिथून सुरू होतं, आणि त्या कामाचा प्रोग्रामिंगशी फारसा संबंध नसतो.

ही मुलगी काल्पनिक आहे. पुढचे नियम मात्र सगळे खरे आहेत.

गूगलकडे खातं उघडायला एकदाच २५ डॉलर भरावे लागतात. त्याबद्दल कुणी कुरकुर करू नये. ओळखपत्र दाखवावं लागतं, तेही ठीक. त्यानंतर येते चाचणीची अट. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी बंदिस्त चाचणी घ्यावी लागते. आरंभी त्यासाठी वीस माणसं लागायची, डिसेंबर २०२४ मध्ये ती बारावर आली. बारा जणांनी चाचणीत नाव नोंदवायचं आणि सलग चौदा दिवस ते टिकवायचं. कंपनीच्या नावाने खातं असेल तर ही अट नाही. एकट्या माणसालाच आहे.

बारा माणसं म्हणजे काहीच नाही, असं वाटतं. गोळा करायला लागलं की कळतं. प्रत्येकाचा गूगल खात्याचा ईमेल हवा, आणि तो आपल्या फोनवर नेमका कोणता आहे हे घरातल्या निम्म्या लोकांना ठाऊक नसतं. धाकट्या भावाकडे आयफोन, तो बाद. काकांना पाठवलेली लिंक ते दुसऱ्याच खात्यातून उघडतात आणि ‘पान सापडत नाही’चा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकतात. कुणी चुकून चाचणीतून बाहेर पडलं आणि आकडा अकरावर आला की सलगपणा मोडला. चौदा दिवस संपल्यावर आणखी एक अर्ज भरायचा: माणसं कशी जमवली, त्यांनी काय सांगितलं, त्यावरून तुम्ही काय बदललंत. ‘मावशी म्हणाली छान आहे’ या उत्तराने काम भागत नाही.

अशा अटीभोवती बाजार उभा राहतोच, तसा इथेही राहिला. तू माझं ॲप टाक, मी तुझं टाकतो, अशी देवाणघेवाण करणारे गट निघाले. पैसे घेऊन बारा ‘परीक्षक’ पुरवणारेही निघाले. ते ॲप टाकतात, दिवसातून एकदा उघडतात, बंद करतात. भिशी म्हणजे काय हे त्यांना माहीत नसतं आणि माहीत करून घ्यायचंही नसतं. म्हणजे निकृष्ट आणि फसवी ॲप रोखायला आणलेला नियम फसवणाऱ्याला थोडा खर्च घालतो, आणि सरळ माणसाला नातेवाइकांच्या दारोदार हिंडवतो. ज्याला लोकांना लुबाडायचं आहे, तो बारा माणसं विकत घेईल. गुंतवणूक म्हणून घेईल.

मग फॉर्म. ॲप कोणता डेटा गोळा करतं, कुणाला देतं, तो पुसता येतो का. जाहिराती आहेत का. वापरणाऱ्यांचं वय काय. आरोग्याशी संबंध आहे का. बातम्या देतं का. ॲप काहीच गोळा करत नसेल तरी गोपनीयता धोरणाचं पान वेबसाइटवर हवंच. म्हणजे ‘आम्ही काही घेत नाही’ हे सांगायलाही एक वेबसाइट चालवा. त्यातला आर्थिक सुविधांचा फॉर्म सगळ्यांनाच भरावा लागतो, आणि आपली भिशीवाली तिथे अडते. कर्ज, बँकिंग, गुंतवणूक, क्रिप्टो असे रकाने आहेत. भिशी यात कुठे बसते? खरं उत्तर ‘कुठेच नाही’ असं आहे, कारण ॲप पैशाला हातही लावत नाही. पण ‘हप्ता’, ‘व्याज’, ‘थकबाकी’ हे शब्द पडद्यावर दिसल्यावर तपासणाऱ्याला काय वाटेल याची खात्री कोण देणार? आर्थिक सेवा देणाऱ्या ॲपला वैयक्तिक खातं चालत नाही, संस्थेचं लागतं. संस्थेच्या खात्याला डन अँड ब्रॅडस्ट्रीट या कंपनीचा नऊ आकडी क्रमांक लागतो. तो मिळवायचा तर नोंदणी झालेला धंदा हवा. वही छापणाऱ्याकडे सावकारीचा परवाना मागण्याचा हा प्रकार आहे.

पैसे मिळवायचे ठरवलं तर आणखी एक गोष्ट होते, आणि ती मला सगळ्यात जास्त खटकते. वैयक्तिक खात्यावरून कमाई होत असेल, तर गूगल त्या व्यक्तीचा पूर्ण पत्ता स्टोअरवर जाहीर करतं. ग्राहकाला विक्रेता कोण ते कळावं, हे तत्त्व योग्यच आहे. कंपनीसाठी तो कार्यालयाचा पत्ता असतो. घरून काम करणाऱ्या मुलीसाठी तो तिच्या घराचा पत्ता असतो, मजल्यासकट. एक तारा देऊन लिहिलेल्या शिव्या ज्यांनी वाचल्या आहेत, त्यांना याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. युरोपात विक्रीतून कमावणाऱ्यांना ॲपलच्या दुकानातही पत्ता, फोन नंबर आणि ईमेल दाखवावा लागतो, तिथल्या डिजिटल सेवा कायद्यामुळे. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे दुकानदार म्हणून एक पाटी असलेली इमारत असते. तिथे एखादी खोली असेल, तिच्यात एक लॅपटॉप असेल आणि बाजूला कुकरची शिट्टी होत असेल, हे त्यांच्या हिशेबात नाही.

समजा हे सगळं पार पडलं. ॲप लागलं, शे-दोनशे बायका वापरू लागल्या. चुका निघाल्या, दुरुस्त झाल्या. वही वहीसारखी चालते आहे, आता तिच्यात काही घालायचं नाही. आपल्याकडे अशा वस्तूला ‘झालं’ म्हणतात. पण ॲपच्या दुनियेत काहीच कधी होऊन जात नाही. दरवर्षी पोळ्याच्या आसपास, ३१ ऑगस्टला, गूगलची मुदत येते: नवं ॲप किंवा जुन्याची सुधारणा टाकायची असेल, तर ती अँड्रॉइडच्या अलीकडच्या आवृत्तीसाठी बांधलेली हवी. २०२५ मध्ये ती अँड्रॉइड १५ होती. अर्ज केला तर १ नोव्हेंबरपर्यंत सवलत मिळते. काहीच केलं नाही आणि ॲप फार मागे राहिलं, तर ते मरत नाही, दिसेनासं होतं. ज्यांनी आधी घेतलंय त्यांच्याकडे चालू राहतं, पण नवा फोन घेतलेल्या नव्या बाईला ते स्टोअरमध्ये सापडतच नाही. बनवणारीला हे कळतं ते कुणीतरी ‘अहो, तुमचं ॲप काढलंत का?’ असं विचारल्यावर.

आवृत्ती बदलणं म्हणजे फाइलमधला एक आकडा बदलणं, असं कुणाला वाटेल. अँड्रॉइड १५ साठी बांधलेलं ॲप त्या फोनवर पडद्याच्या काठापासून काठापर्यंत पसरतं, तुम्ही सांगा वा न सांगा. परिणाम असा, की काल नीट दिसणारं खालचं ‘जमा करा’ हे बटण आज फोनच्या पट्टीखाली सरकतं आणि बोट लागेनासं होतं. शिवाय १ नोव्हेंबर २०२५ पासून मेमरीच्या १६ केबी पानांची अट आली. स्वतःच्या कोडमध्ये काहीही नसलं, तरी आत वापरलेलं कुणाचं तरी जुनं सॉफ्टवेअर त्यात नापास होतं आणि ते लिहिणारा केव्हाच दुसऱ्या कामाला लागलेला असतो. एका ॲपसाठी वर्षातले काही दिवस असे जातात. चार ॲप असतील तर चारपट. कंपनी यासाठी माणूस ठेवते. एकटीने रजा टाकायची.

किल्लीचं प्रकरण सुदैवाने आता सोपं झालंय. प्रत्येक ॲपवर बनवणाऱ्याची डिजिटल सही असते आणि पूर्वी त्या सहीची फाइल हरवली, की त्या ॲपची सुधारणा कायमची बंद. हार्ड डिस्क गेली म्हणून हजारो वापरकर्त्यांचं ॲप नव्या नावाने पुन्हा शून्यापासून टाकावं लागलेले लोक आहेत. ऑगस्ट २०२१ पासून नव्या ॲपची मूळ सही गूगलच सांभाळतं. सोय झाली, आणि किल्लीही घरमालकाकडे गेली.

हे सगळं वाचून गूगलला नुसतं झोडपायचं असेल, तर एक आकडा आठवावा. एप्रिल २०२१ ते जुलै २०२२ या काळात गूगलने भारतातली अडीच हजारांहून अधिक कर्ज देणारी ॲप काढली, असं केंद्र सरकारने संसदेत सांगितलं. लोकांच्या फोनमधले संपर्क आणि फोटो उचलून, बदनामीच्या धमक्या देऊन वसुली करणारी ती टोळधाड होती आणि तिच्यापायी लोकांनी जीव दिले. संपर्क आणि फोटोंच्या परवानग्यांवरचे निर्बंध, आर्थिक ॲपवरच्या अटी, ओळखीची पडताळणी, हे त्यातून आलंय. नियम असू नयेत असं कुणीच शहाणा माणूस म्हणणार नाही. माझी तक्रार नियमांच्या मापाबद्दल आहे. दहा कोटी लोकांचं ॲप आणि दोनशे जणींची वही यांना एकाच फुटपट्टीने मोजलं जातं. बारा जणांच्या अटीत तर लहानालाच जास्त मोजलं जातं.

आणि मोजणाऱ्याशी बोलता येत नाही. नापास झाल्याचा ईमेल येतो, त्यात धोरणाचं नाव असतं. कोणत्या पडद्यावर, कोणत्या ओळीत चूक आहे, हे बहुतेक वेळा शोधायचंच राहतं. अपील केलं की तोच मजकूर पुन्हा येतो. आवाज मोठा असेल तर गोष्ट वेगळी. नेक्स्टक्लाउड या जर्मन कंपनीच्या ॲपची सर्व फाइल वाचण्याची परवानगी काढून घेतली गेली होती. मे २०२५ मध्ये कंपनीने जाहीरपणे बोंब मारली, बातम्या झाल्या आणि परवानगी परत मिळाली. आपल्याकडे १ मार्च २०२४ ला दलालीच्या वादावरून भारत मॅट्रिमनी, नौकरी वगैरे कंपन्यांची ॲप स्टोअरवरून उतरवली गेली, तेव्हा केंद्रीय मंत्र्यांनी लक्ष घातलं आणि काही दिवसांत ती परत आली. स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये प्ले स्टोअरच्या पेमेंट धोरणावरून गूगलला ९३६.४४ कोटींचा दंड केला होता, अपिलात मार्च २०२५ मध्ये तो २१६.६९ कोटींवर आला. या लढाया महत्त्वाच्या आहेत, पण त्या दलालीच्या टक्क्यांच्या आहेत. जिच्या ॲपला काही किंमतच नाही तिला टक्क्यांशी काय देणंघेणं?

ज्यांचा आवाज लहान, ते गुपचूप थांबतात. सिंकथिंग हे आपल्याच दोन यंत्रांमध्ये परस्पर फाइल पोहोचवणारं मोफत सॉफ्टवेअर. त्याचं अधिकृत अँड्रॉइड ॲप सांभाळणाऱ्याने ऑक्टोबर २०२४ मध्ये काम थांबवत असल्याचं कळवलं. प्ले स्टोअरवर टिकून राहणं अवघड झालंय, हे त्याने दिलेलं एक कारण. त्याच्या आदल्या महिन्यात आयए रायटर या लिहिण्याच्या ॲपच्या छोट्या कंपनीने अँड्रॉइड आवृत्ती थांबवली. गूगल ड्राइव्ह पूर्वीसारखं वापरायचं तर बाहेरच्या संस्थेकडून दरवर्षी सुरक्षा तपासणी करून घ्या, अशी अट आली होती, आणि त्यांच्या हिशेबात ती बसेना. दोन्ही ॲप चांगली होती, दोन्हींना वापरणारे होते.

ॲपलकडे कागद कमी आणि पैसे जास्त. वर्षाला ९९ डॉलर, शिवाय मॅक हवा. एखाद्या वर्षी भरायचे राहिले की ॲप दुकानातून उतरतं. मोफत ॲप दरवर्षी खिशातून भाडं भरून ठेवायचं, हा शौक परवडणारे आपल्याकडे थोडे. म्हणून मराठीतली बरीचशी घरगुती धाटणीची ॲप अँड्रॉइडवरच भेटतात आणि वर लिहिलेलं सगळं आपल्याला जास्त लागू पडतं.

इतके दिवस एक पळवाट होती. स्टोअरला रामराम करून ॲपची फाइल थेट पाठवायची, किंवा २०१० पासून चालत आलेल्या एफ-ड्रॉइडसारख्या ठिकाणी ठेवायची. फोन दोनदा बजावतो, पण घेऊ देतो. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने जाहीर केलं, की यापुढे स्टोअरबाहेरच्या ॲपच्या बनवणाऱ्यालाही ओळख पटवावी लागेल: सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये, आणि २०२७ पासून टप्प्याटप्प्याने इतरत्र. एफ-ड्रॉइडने हा आपल्या अस्तित्वावरच घाला असल्याचं म्हटलं. आरडाओरडा झाला, तेव्हा विद्यार्थी आणि हौशी लोकांसाठी मोजक्या फोनांपुरतं वेगळं खातं, आणि जाणत्या वापरकर्त्यांना धोका पत्करून ॲप घेण्याची वाट, अशा दोन सवलती पुढे आल्या.

त्यातलं हौशी खातं मला कामाचं वाटतं, कारण लहानाला लहान मानणारी ही पहिलीच तरतूद दिसते. तेच माप स्टोअरच्या आतही लावता येईल. हजारभर वापरकर्त्यांपर्यंतचं, परवानग्या न मागणारं, पैशाला हात न लावणारं ॲप असेल तर चाचणीची अट नको, घराचा पत्ता नको, आणि दरवर्षीच्या आवृत्तीसाठी दोन वर्षांची मुदत द्यावी. आकडा ओलांडला की बाकीचे नियम लावा. हे करायला गूगलला नवं काही शोधावं लागणार नाही, कोणतं ॲप किती फोनांत आहे आणि कोणती परवानगी मागतं हे त्यांना आपल्याआधी माहीत असतं.