‘जड उचलू नका’ हा सल्ला आता पुरे

कोणत्याही फॅमिली डॉक्टरच्या चिठ्ठ्या चाळून पाहा. पन्नाशी ओलांडलेल्या पेशंटच्या चिठ्ठीवर गोळ्यांच्या खाली एक ओळ हमखास सापडते: रोज चाला, जड उचलू नका. कंबर दुखते? जड उचलू नका. गुडघे कुरकुरतात? जड उचलू नका. बीपी आहे? तेच. काहीच झालेलं नाही, फक्त वय झालं आहे, तरी तेच. गोळी किती मिलिग्रॅमची आणि किती दिवस, हे आम्ही डॉक्टर न चुकता लिहितो. या सल्ल्याला मात्र मात्राही नसते आणि मुदतही नसते. एकदा दिला की तो जन्मभर चालू राहतो. बहुतेक लोकांच्या बाबतीत हा सल्ला चुकीचा आहे, आणि ‘काळजी घेतलेली बरी’ म्हणून सोडून द्यावा इतका निरुपद्रवी तर मुळीच नाही.

शिवाय तो पाळलाही जात नाही. हा सल्ला घेऊन घरी गेलेली बाई काय करते? गॅसचा भरलेला सिलिंडर ओट्याखाली सरकवते. आत १४.२ किलो गॅस, टाकीचं स्वतःचं वजन साधारण १५-१६ किलो, म्हणजे जवळजवळ ३० किलो झाले. गिरणीतून दळणाचा डबा आणते. दोन वर्षांचा नातू हात वर करून उभा राहतो, त्याचे ११-१२ किलो ती कडेवर घेतेच. आयुष्य वजन उचलायला लावतंच, ते चिठ्ठी बघत नाही. प्रश्न एवढाच, की त्या वेळी तुमचं शरीर तयार असतं की नसतं. ‘जड उचलू नका’ म्हणून आपण ते तयार नसेल एवढीच व्यवस्था करतो.

तिशी-चाळिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होऊ लागतात, साठीनंतर वेग वाढतो, आणि स्नायूंच्या आकारापेक्षा त्यांची ताकद जास्त झपाट्याने घटते. १९८९ साली आयर्विन रोझेनबर्ग यांनी याला ‘सार्कोपेनिया’ हे नाव सुचवलं. आरशात हे दिसत नाही, कारण स्नायूंच्या जागी चरबी येऊन बसते आणि काट्यावर वजन तेवढंच राहतं. ते दिसतं इतरत्र. खुर्चीतून उठताना हात टेकावा लागतो. पंगतीत खाली बसणं बंद होतं. एसटीची पहिली पायरी उंच वाटते. संडासात भिंतीला दांडा लावून घेतला जातो. घरातले म्हणतात, वयोमानानुसार चालायचंच. मग एक दिवस बाथरूममध्ये पाय सरकतो, खुब्याचं हाड मोडतं आणि ‘त्यानंतर आई उठल्याच नाहीत’ हे वाक्य मला ऐकावं लागतं. आईंचा तोल जाताना त्यांना सावरू शकले असते ते मांडीचे स्नायू. ते दहा-पंधरा वर्षं झिजत होते, आणि त्या सगळ्या काळात आई रोज नेमाने चालत होत्या.

चालणं बंद करा असं मी म्हणत नाही. हृदयासाठी, मनासाठी, झोपेसाठी चाला. पण चालण्याने मांडीला तेवढंच काम मिळतं जेवढं तिला रोजच असतं. हात, खांदे, पाठ यांना तर काहीच मिळत नाही. (हातातल्या घड्याळात ज्या दहा हजार पावलांचा हिशेब चालतो, तो आकडा कुठल्या वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजण्याच्या यंत्राचं ते नाव होतं.) जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला आहे, तो सगळ्यांना पाठ असतो. त्याच शिफारशींत आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायामही सांगितला आहे. तो भाग आमच्या चिठ्ठीवर येतच नाही.

आपल्यासाठी हे दुप्पट महत्त्वाचं आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसात स्नायू कमी आणि चरबी जास्त असते, हे त्या एका फोटोने दाखवलं. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचं सर्वांत मोठं कोठार म्हणजे स्नायू. कोठारच लहान असेल तर धान्य अंगणात सांडणारच. तेव्हा ‘मी तर बारीकच आहे, मला व्यायाम कशाला’ हे मधुमेहाच्या या देशात तरी बोलू नये.

आणि उशीर झाला आहे, हेही खरं नाही. १९९० साली अमेरिकेत मारिया फियातारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम दिला. नऊ जणांनी तो पूर्ण केला आणि पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात पाळी थांबलेल्या, हाडं विरळ झालेल्या स्त्रियांना प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली खरोखर जड वजनं उचलायला दिली, आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, आठ महिने. त्यांच्या कण्याच्या हाडांची घनता वाढली. याच बायका आपल्याकडे आल्या असत्या तर कॅल्शियमच्या गोळ्यांबरोबर आपण त्यांना पिशवीसुद्धा उचलू नका म्हणून सांगितलं असतं.

बाकीच्या भीती झटपट संपवतो. बायकांची शरीरं पुरुषी होत नाहीत, त्यासाठी लागणारं टेस्टोस्टेरॉन त्यांच्यात कितीतरी पट कमी असतं. गुडघे झिजत नाहीत, उलट मांडीचे स्नायू बळकट करणं हा गुडघेदुखीच्या उपचाराचाच भाग आहे. हृदयरोग असलेल्यांसाठीही अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००० सालीच वजनाच्या व्यायामाचं मार्गदर्शन दिलं आहे.

आता दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द सुनवायला हवेत. माणसं वजनाला घाबरतात याला निम्मी जिमही जबाबदार आहे. आरशासमोर ओरडत उचललेली वजनं, ‘९० दिवसांत कायापालट’चे फलक, पहिल्याच दिवशी पावडरच्या डब्याची विक्री आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरता न येणारा पन्नाशीचा गृहस्थ. त्याने पुन्हा तिकडे फिरकू नये, यात नवल काय! वर्षभराची फी मात्र आधीच भरलेली असते. नवशिक्याला यातलं काहीही लागत नाही.

लागतात त्या पाच हालचाली, आणि त्या तुम्ही रोज करताच. बसून उठणं. वाकून उचलणं. ढकलणं. ओढणं. वजन घेऊन चालणं.

सुरुवात खुर्चीपासून करा. खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीवर, आणि हाताचा आधार न घेता उठा-बसा, १० वेळा. बसताना धपकन पडू नका, सावकाश टेका. नाहीच जमलं तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. १२ वेळा सहज जमू लागलं की एक लिटरची भरलेली बाटली छातीशी धरा, तो झाला एक किलो. आपल्या तालमीतली बैठक हीच, फक्त जरा खोल. ढकलण्यासाठी आधी भिंतीवर हात टेकून जोर काढा, मग ओट्यावर, मग जमलं तर जमिनीवर. ओढण्यासाठी एक हात खुर्चीवर टेकून दुसऱ्या हाताने पिशवी कमरेपर्यंत खेचा. चालण्यासाठी दोन्ही हातांत दोन-तीन किलोच्या पिशव्या घ्या आणि खांदे न पाडता घरातल्या घरात फेऱ्या मारा.

वाकून उचलणं मात्र नीट शिकावं लागतं, कारण कंबर इथेच दुखावते. एक काठी पाठीवर उभी धरा. ती डोक्याला, दोन्ही खांद्यांच्या मध्ये आणि माकडहाडाला अशा तीन ठिकाणी टेकली पाहिजे. आता गुडघे किंचित मोडून, मागचं दार ढुंगणाने लोटताय असं समजून, पुढे झुका. काठी तिन्ही ठिकाणी टेकलेलीच राहिली तर पाठ सरळ आहे. हे आठवडाभर नुसतं काठीने करा, मग पिशवी उचला आणि ती अंगाजवळ ठेवा.

प्रत्येक हालचाल ८ ते १२ वेळा, असे दोन सेट, आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. शेवटचे दोन-तीन जड वाटले पाहिजेत, पण हालचाल बिघडता कामा नये. अजिबात जड वाटत नसेल तर तुम्ही कवायत करताय, ताकद वाढवत नाही. जोर लावताना श्वास सोडा. श्वास कोंडून ताकद लावली की बीपी एकदम चढतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्नायू ठणकणं स्वाभाविक आहे. सांध्यात कळ येणं स्वाभाविक नाही, तिथे थांबा. पहिल्या काही आठवड्यांत दंडाचा घेर वाढणार नाही, तरी उठणं सोपं होईल, कारण आधी शिकतात त्या नसा, स्नायू मागाहून वाढतात.

आणि जेवणात प्रथिनं वाढवा. चहा-पोहे, पोळी-भाजी आणि वाटीभर पातळ वरण एवढ्यावर स्नायू बांधले जात नाहीत. घट्ट डाळ, उसळ, दही, पनीर, अंडं, मासे, जे चालत असेल ते प्रत्येक जेवणात हवं. पावडरची गरज सहसा नसते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं किती, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

बीपी १८०/११० च्या वर असेल, छातीत दुखत असेल किंवा चालताना दम लागत असेल, नुकताच हार्ट अटॅक आलेला असेल, हृदयाची झडप खूप अरुंद झालेली असेल, मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या आल्या असतील, मणका दबलेला असेल, हर्निया असेल किंवा अलीकडे ऑपरेशन झालं असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. त्यांनी वजन उचलू नका म्हटलं तर तीन गोष्टी विचारून घ्या: किती किलोच्या वर नको, कधीपर्यंत नको आणि कशामुळे नको. ऑपरेशननंतर ‘इतके आठवडे इतक्या किलोच्या वर नको, टाके भरायचे आहेत’ हे नीट उत्तर झालं, ते पाळा. ‘आता वय झालं’ एवढंच उत्तर मिळालं, तर फिजिओथेरपिस्टच्या नावे चिठ्ठी मागा आणि पहिले चार-सहा दिवस त्यांच्यासमोर व्यायाम करा.