माहितीपट पाहताना विचारायचा प्रश्न : ‘हे दृश्य आले कुठून?’

१/ खंदकातून सैनिक वर चढतात. त्यांतला एक जण काठावरच कोसळतो आणि मातीवरून घसरत खाली येतो. पहिल्या महायुद्धावरील कितीतरी माहितीपटांत हे दृश्य वापरले गेले आहे. ते १९१६ च्या ‘द बॅटल ऑफ द सोम’ या ब्रिटिश चित्रपटातले असून, अभ्यासकांच्या मते ते रणभूमीवरचे नाही. आघाडीच्या मागे, सुरक्षित जागी ते घडवून आणले गेले होते.

२/ त्याच चित्रपटाचा मोठा भाग मात्र अस्सल आहे. जेफ्री मॅलिन्स आणि जॉन मॅक्डॉवेल यांनी तोफांचा मारा, जखमींची ने-आण, युद्धकैदी हे सारे प्रत्यक्ष टिपले होते. लढाई संपण्याआधीच, ऑगस्ट १९१६ मध्ये, चित्रपट लोकांसमोर आला. २००५ मध्ये युनेस्कोने आपल्या ‘मेमरी ऑफ द वर्ल्ड’ सूचीत त्याची नोंद केली. एकाच चित्रपटात साक्षही आहे आणि नाट्यही.

३/ ‘पाहायलाच हवेत असे माहितीपट’ अशा याद्या विपुल आढळतात. त्यांत निवड होते ती बहुधा भव्य चित्रणामुळे किंवा निवेदकाच्या भारदस्त आवाजामुळे. इतिहासाच्या अभ्यासकाची कसोटी वेगळी असायला हवी : दाखवलेली गोष्ट कशावरून कळली, हे माहितीपट सांगतो का? पुढील शिफारशी या कसोटीवर केल्या आहेत. प्रत्येकीची मर्यादाही सोबत नोंदवली आहे.

४/ ही कसोटी विज्ञानालाही लागू पडते. डिस्नेच्या ‘व्हाइट विल्डरनेस’ (१९५८) या माहितीपटात लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी कड्यावरून सामूहिक उड्या घेताना दिसतात. चित्रपटाला ऑस्कर मिळाले. पुढे उघड झाले की ते प्राणी मुद्दाम आणून कड्याकडे हाकलले होते. ‘लेमिंग आत्महत्या करतात’ हा समज तरीही पुसला गेलेला नाही. पडद्यावर डोळ्यांनी पाहिलेली चूक पुस्तकातल्या चुकीपेक्षा चिवट ठरते.

५/ विज्ञानाचा इतिहास : ‘द असेंट ऑफ मॅन’ (बीबीसी, १९७३, १३ भाग). निवेदक गणितज्ञ जेकब ब्रोनोव्स्की. ज्ञान आणि निश्चितता यांवरील भागात ते ऑशविट्झच्या तळ्यात बुटांसह उतरतात आणि तळाची माती मुठीत घेतात. त्यांचे अनेक आप्त त्या छळछावणीत मारले गेले होते. आपल्याला अंतिम सत्य गवसले आहे या अहंकाराचा शेवट कुठे होतो, हे ते तिथे उभे राहून सांगतात. मर्यादा शीर्षकातच आहे : मानवजातीची कथा ‘मॅन’ या शब्दाने सांगणारी ती पिढी होती.

६/ इतिहास : क्लोद लांझमान यांचा ‘शोआ’ (१९८५). नऊ तासांहून मोठ्या या चित्रपटात जुन्या चित्रफितीची एकही चौकट नाही. आहेत ते केवळ साक्षीदार आणि ओसाड झालेल्या जागा. ट्रेब्लिंकातून वाचलेले एक नाभिक केस कापता कापता आपली साक्ष देतात. ते केशकर्तनालय मात्र चित्रणासाठी भाड्याने घेतलेले होते. म्हणजे मांडणी इथेही आहे. पण ती साक्षीदाराला बोलते करण्यासाठी आहे. साक्षीच्या जागी बसवलेली ती बनावट नव्हे. हा भेद नीट ओळखायला हवा.

७/ तंत्रज्ञान : ‘अपोलो ११’ (२०१९), दिग्दर्शक टॉड डग्लस मिलर. निवेदक नाही आणि आजच्या तज्ज्ञांच्या मुलाखतीही नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात सापडलेले मोठ्या आकाराच्या फिल्मवरील चित्रण आणि मोहिमेचे हजारो तासांचे ध्वनिमुद्रण यांतून १९६९ चे ते दिवस उभे राहतात. मर्यादा अशी की अस्सल साधन स्वतःहून प्रश्न विचारत नाही. शीतयुद्धाचे राजकारण आणि खर्चाचा वाद यांसाठी पुस्तकांकडेच वळावे लागते.

८/ आरोग्य : इथे दोन चित्रपट जोडीने पाहावेत. डेव्हिड फ्रान्स यांचा ‘हाऊ टू सर्व्हाइव्ह अ प्लेग’ (२०१२) प्रामुख्याने न्यूयॉर्कच्या एड्स-आंदोलनातील लोकांनी स्वतः केलेल्या चित्रणातून साकारला आहे. १९९६ च्या सुमारास परिणामकारक औषधे आली, तिथवर त्याची कथा पोहोचते.

९/ पण औषध निघणे आणि ते रुग्णापर्यंत पोहोचणे या दोन वेगळ्या घटना आहेत. डिलन मोहन ग्रे यांचा ‘फायर इन द ब्लड’ (२०१३) दुसरी घटना सांगतो. वर्षाला १० हजार डॉलरहून महाग असलेले उपचार आफ्रिकेतील रुग्णांच्या आवाक्याबाहेर होते. २००१ मध्ये मुंबईच्या ‘सिप्ला’ने तीच औषधे वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली. पहिलाच चित्रपट पाहणाऱ्याला एड्सचा लढा १९९६ मध्ये संपला असे वाटेल.

१०/ मराठी प्रेक्षकाने हा प्रश्न घरच्या इतिहासालाही विचारावा. शिवकालात कॅमेरा नव्हता. त्या काळावरील माहितीपटात धावणारा प्रत्येक घोडा आजचा आहे किंवा संगणकाने घडवलेला आहे. यात गैर काही नाही. गैर आहे ते हे न सांगणे. शंभर घोडेस्वारांच्या संथ दौडीपेक्षा मोडी लिपीतले एक पत्र पडद्यावर आणून ते कोणी, कोणाला, केव्हा लिहिले हे सांगणारी दोन मिनिटे अधिक मोलाची आहेत. बखर घटनेनंतर किती वर्षांनी लिहिली गेली, हेही त्याच दोन मिनिटांत सांगता येते.

११/ अखेरची शिफारस : शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांचा ‘सेल्युलॉइड मॅन’ (२०१२). पुण्यात १९६४ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे करणाऱ्या पी. के. नायर यांची ही कथा आहे. भारतीय मूकपटांपैकी फारच थोडे आज शिल्लक आहेत. जे आहेत, त्यांत नायर यांनी जागोजागी फिरून मिळवलेल्या रिळांचा वाटा मोठा आहे. मूळ रीळ जपले गेले नाही, तर पडद्यावरचा दावा पडताळायचा कशाशी?

१२/ हा प्रश्न येत्या काळात अधिक निकडीचा होणार आहे. सोमचे दृश्य घडवायला सैनिक, खंदक आणि कॅमेरा लागला होता. आज तसे दृश्य काही शब्द टंकून तयार होते. म्हणून माहितीपट संपताच श्रेयनामावली ओलांडून पुढे जाऊ नये. चित्रण कोणत्या संग्रहातून घेतले याची नोंद बहुधा तिथेच असते. ती नसेल, तर चित्रपट आवडला तरी त्यातले विधान दुसऱ्या साधनाने पडताळल्याशिवाय पुढे सांगू नये.