संमतिपत्र मराठीत, सूचना इंग्रजीत
(गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील चाचण्यांविषयी जाहीर पत्रक)

गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर भारतात चालणारी क्लिनिकल ट्रायल, म्हणजे नव्या औषधाचा, शेक (किरणोपचार) देण्याच्या नव्या पद्धतीचा किंवा तपासणीच्या नव्या तंत्राचा माणसांवर नियमबद्ध रीतीने घेतलेला पडताळा, ही कायद्याने गुप्त बाब नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २००७ मध्ये सुरू केलेल्या, सीटीआरआय या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राष्ट्रीय नोंदवहीत अशा चाचण्यांची नोंद होते आणि १ एप्रिल २०१८ पासून ही नोंद पहिली व्यक्ती चाचणीत दाखल होण्याआधीच झालेली असावी असा दंडक आहे. नोंदवही कोणालाही विनामूल्य पाहता येते. मात्र ती इंग्रजीत असते. याउलट संमतिपत्र सहभागी स्त्रीला समजणाऱ्या भाषेतच असले पाहिजे आणि तिला वाचता येत नसेल तर सारी माहिती त्रयस्थ साक्षीदारासमोर सांगितली गेली पाहिजे, असे नियम सांगतो. याचा अर्थ असा, की ही व्यवस्था मराठी स्त्रीशी तिच्या भाषेत प्रथम बोलते ती सही किंवा अंगठा घेण्याच्या वेळी. चाचणी आहे हे कळणे, दोन चाचण्या ताडून पाहणे, आपण त्यात बसतो की नाही हे विचारणे, या सगळ्या पायऱ्या तोवर दुसराच कोणी तिच्या वतीने चढून गेलेला असतो, आणि या पत्रकाचा आक्षेप नेमका त्यावर आहे.

हा आक्षेप महाराष्ट्रातून घेतला जावा याला कारण आहे. उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातील ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा समावेश असलेली चाचणी १९९९ मध्ये सुरू झाली. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था तिच्यामागे होत्या. खेड्यांचे ५२ समूह, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निव्वळ योगायोगाने, चार गटांत वाटले गेले. यालाच यादृच्छिक विभागणी म्हणतात. एका गटात या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या ह्यूमन पॅपिलोमा विषाणूची तपासणी झाली, दुसऱ्यात पेशींची, तिसऱ्यात सौम्य ॲसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहण्याची, आणि चौथ्याला नेहमीचीच सेवा, म्हणजे तपासणीपुरते बोलायचे तर काहीच नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार विषाणूची तपासणी एकदाच झालेल्या गटातील या कर्करोगाचे मृत्यू चौथ्या गटाच्या जवळपास निम्मे होते. पुढे टाटा रुग्णालयातच, रोग ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत किंवा मूत्रवाहिनीपर्यंत पोचलेल्या ८५० स्त्रियांच्या चाचणीत शेकाबरोबर दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे औषध दिल्यास पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण ४६ वरून ५४ टक्क्यांवर जाते, असे २०१८ मध्ये दिसून आले. ज्या प्रदेशातील स्त्रियांच्या शरीरांवरून जगाने एवढे ज्ञान मिळवले, त्याच प्रदेशातील स्त्रीला पुढच्या चाचणीची वार्ता तिच्या भाषेत मिळू नये, हे ऋण बुडवणेच होय.

यावर एक उत्तर ठरलेले आहे: चाचणी म्हणजे गिनीपिग होणे, तेव्हा ती शोधत जाण्याची दुर्बुद्धी कोणाला सुचावी? ही शंका हसण्यावारी नेण्याजोगी नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून दीड लाख स्त्रियांवर चाललेल्या चाचणीत ॲसिटिक आम्लाच्या तपासणीमुळे या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले खरे, पण तुलनेसाठी ठेवलेल्या निम्म्या स्त्रियांना आरोग्यशिक्षणापलीकडे काही मिळाले नव्हते, आणि त्यावरून देशात व परदेशात झालेली टीका रास्तच होती. २००९ मध्ये खम्मम आणि वडोदरा येथे मुलींना ह्यूमन पॅपिलोमा विषाणूवरील लस देण्याचा उपक्रम ‘चाचणी’ नव्हे, ‘प्रात्यक्षिक प्रकल्प’ या नावाने चालवला गेला आणि आश्रमशाळांतील कित्येक मुलींच्या संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या आढळल्या. संसदीय समितीने २०१३ मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले. त्या काळात तेथे झालेल्या काही मुलींच्या मृत्यूंचा लसीशी संबंध चौकशीत जोडता आला नाही, पण संमतीतला दोष त्यामुळे पुसला जात नाही. या दोन्ही प्रकरणांत स्त्रिया चाचणी शोधत गेल्या नव्हत्या, चाचणी त्यांच्या दारी आली होती. दारी आलेल्याला प्रश्न विचारण्याइतकी माहिती त्यांच्या हाती असती, तर तुलनागटाला काय मिळणार हे आधीच विचारले गेले असते.

आज विचारण्याला कायद्याचा आधार आहे. २०१९ च्या नियमांप्रमाणे चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार, कायमची इजा वा मृत्यू झाल्यास भरपाई, निम्मे सदस्य संस्थेबाहेरचे असलेली नीतिसमिती आणि संमतिपत्राची प्रत, हे सहभागी व्यक्तीचे हक्क आहेत. कारण न सांगता केव्हाही बाहेर पडण्याचा हक्कही तिचाच. नोंदवहीतील प्रत्येक नोंदीत चाचणी कोणत्या रुग्णालयांत चालू आहे, भरती चालू आहे की संपली, कोणत्या अवस्थेतील रुग्ण घेतले जातात, तुलनागटाला कोणता उपचार मिळतो, हे लिहिलेले असते, आणि सर्वसामान्यांच्या शंकांसाठी एका व्यक्तीचे नाव व दूरध्वनीही. सर्वसामान्यांसाठीचा हा रकाना इंग्रजीत भरलेला असतो, यातील विसंगती नोंदवही चालवणाऱ्यांच्या नजरेतून सुटावी हे नवलच.

भाषेइतकाच अडसर काळाचा आहे. अनेक चाचण्या उपचार सुरू न झालेलेच रुग्ण घेतात. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतासह पाच देशांतील ५०० स्त्रियांच्या इंटरलेस चाचणीत एका गटाला नेहमीच्या उपचाराआधी सहा आठवडे दोन औषधे दिली गेली आणि पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण ७२ ऐवजी ८० टक्के आढळले. पहिला शेक झाल्यावर येणाऱ्या रुग्णाला अशा चाचणीचा उपयोग नाही. अंगावरून लाल जाते एवढ्यावरून, तुकडा तपासायला न पाठवता, गावच्या दवाखान्यात गर्भाची पिशवी काढून टाकली जाते तेव्हा पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर मागाहून कळतो, पुढचा उपचार अवघड होतो आणि अनेक चाचण्यांचे दारही बंद होते. अर्थात चाचणी म्हणजे रामबाण उपाय नव्हे. पहिल्या टप्प्यातील चाचणीचा मुख्य हेतू औषधाची किती मात्रा सोसते हे पाहणे एवढाच असतो. आणि बाहेरून व आतून दिला जाणारा शेक आठ आठवड्यांच्या आत पूर्ण होणे हेच बहुसंख्य स्त्रियांना सर्वाधिक तारणारे आहे. चाचणीच्या प्रतीक्षेत तो उपचार लांबवण्याचा सल्ला कोणी देत असेल, तर तो मानू नये.

म्हणून मागणी अशी, की महाराष्ट्रात ज्या चाचणीचे एकही केंद्र आहे तिचा सारांश नोंदवहीतच मराठीत द्यावा, नीतिसमितीने तो नसताना मंजुरी देऊ नये, आणि चालू चाचण्यांची यादी प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या व वैद्यकीय महाविद्यालयाच्या स्त्रीरोग विभागात, केसपेपर काढण्याच्या खिडकीजवळ, दर महिन्याला लावावी. ती वाचून सांगणे आणि तुलनागट, वाढीव तपासण्या व जादा फेऱ्या यांविषयीचे प्रश्न डॉक्टरांपर्यंत पोचवणे हे वैद्यकीय समाजसेवकाचे काम ठरवून द्यावे. धाराशिवची मजूर स्त्री मुंबईत महिना-दोन महिने राहते तेव्हा तिची आणि सोबतच्या माणसाची रोजी बुडते. तो खर्च भरून देण्याला संशोधनाच्या नीतिनियमांची मुभा आहे, पण मुभा म्हणजे हमी नव्हे. प्रवास, मुक्काम आणि बुडालेल्या मजुरीपोटी किती रुपये, कोणाच्या हाती आणि किती दिवसांनी मिळतील, हे संमतिपत्रात आकड्यांनिशी लिहिणे बंधनकारक करावे.