तिसऱ्या पिनचं काय केलंत?

"मशीनला हात लावताना पायात चप्पल घाल गं, जरा झिणझिण्या येतात." कामाला येणाऱ्या बाईला एवढं बजावलं की आपली सुशिक्षित घरं स्वतःला दयाळू समजतात. वॉशिंग मशीनच्या पत्र्यात वीज उतरली आहे हे मालकाला ठाऊक असतं. तरी वायरमनला बोलावणं पुढच्या महिन्यावर जातं, कारण मशीनला रोज हात लावणारी आपल्या घरातली नसते.

प्लगची तिसरी पिन जाड आणि लांब असते. आत जाताना ती आधी टेकते, निघताना शेवटी सुटते, म्हणजे वीज येण्याआधी अर्थिंग जोडलेलं असतं. आपण ती पिन तोडतो, दोन पिनांचा जोड लावतो, नाहीतर सॉकेटमागे अर्थिंगची तार जोडलेलीच नसते. टेस्टरचा दिवा लागला की सॉकेट पास! टेस्टर फेज दाखवतो, अर्थिंग नाही, हे विचारायला कुणाला सवड आहे? फेजची तार पत्र्याला टेकली की विजेला जमिनीत जायला वाट लागते, आणि अर्थिंग नसेल तर ती वाट माणसाच्या अंगातून जाते. ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारं आरसीसीबी बाजारात मिळतं. फॉल्स सीलिंगवर लाख उधळणारे त्यापाशी येऊन घासाघीस करतात.

दुसरं पाप गरम सॉकेटचं. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टला जवळजवळ ९ अँपिअर ओढतो, आणि आपण तो ६ अँपिअरच्या सॉकेटात खुपसतो. स्क्रू सैल होतो, प्लास्टिक तपकिरी पडतं, जळका वास येतो. मेन बंद करून १६ अँपिअरचं सॉकेट आणि त्याला पेलणारी वेगळी वायर टाकून घ्यायची, एवढंच काम. आपण पिन घट्ट बसावी म्हणून काडेपेटीची काडी घालतो! १० चा एमसीबी सारखा पडतो? ३२ चा बसवा. भिंतीतली वायर तीच बारीक. तिला वाचवायला ठेवलेला पहारेकरीच आपण झोपवला.

मग कुणी चिकटलं की 'त्याचं नशीब', घर पेटलं की 'शॉर्टसर्किट'. जणू शॉर्टसर्किट हा बाहेरगावचा दरोडेखोर. भाडेकरूनं तक्रार केली तर मालक म्हणतो, "इतकी वर्षं चाललंच ना?"

वायरमन येईपर्यंत त्या मशीनचा प्लग काढून ठेवा, आणि तोवरचं धुणं स्वतः धुवा.